मामाची बाग मी इंग्रजीत तोडली

आमच्या घरात खोटं बोलायची मुभा एकट्या बाबांना होती, आणि तीही फक्त जनावरांशी. बाबा अकोल्यात जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बैलाला सुई टोचायच्या आधी ते त्याच्या मानेखाली खाजवत म्हणायचे, "काई नाई राजा, मुंगी चावली समज." बैल बिचारा समजायचा. बाकी घरात खोट्याला थारा नव्हता, कारण घरात आई होती. नात्यातल्या कुठल्याही मुलीसाठी स्थळ आलं की मुलाकडची चौकशी आईवर सोपवली जायची. चौकशीला आईनं एकच हत्यार ठेवलं होतं. समोरचा म्हणाला, "पोरगा निर्व्यसनी आहे," की आई विचारायची, "तुमी पाह्यलं का आयकलं?" तो म्हणायचा, "आयकलं." "कोणाजवळून?" त्यानं नाव सांगितलं की आई दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडं. तोही ऐकीवच निघाला तर तिसऱ्याकडं. असं करत करत प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सापडेपर्यंत ती थांबायची नाही. एकदा एका मुलाचं वय खरं किती, हे शोधत ती थेट त्याच्या सुइणीपर्यंत पोचली होती. इतकं सगळं घरात डोळ्यांसमोर चालू असताना मी इंग्रजीच्या वर्गात जाऊन "सोर्स म्हणजे काय?" असं विचारलं, यावरून माझी हुशारी मोजावी.

तेव्हा मी अकरावीत होते. दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी आणि कडुनिंब, पलीकडं एक जिनिंग. कापसाच्या दिवसांत त्या जिनिंगची घरघर भिंतीतून इतकी आत यायची की रविवारी ती बंद असली की झोप लागायची नाही. त्या हिवाळ्यात आमच्याकडं माझी मामेबहीण सुनीताताई राहायला आली होती. भाऊमामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ, वरूडकडच्या एका गावात संत्र्याची बाग राखून होता. ताईची सोयरीक चांदूर रेल्वेच्या एका घरात जुळत आली होती. मुलगी पाहून झाली होती, पसंती आली होती, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस तेवढा पक्का व्हायचा होता. अकोल्यात ब्लाउज चांगले शिवून मिळतात या सबबीवर मामीनं तिला आमच्याकडं पाठवलं होतं. ताई दिवसभर कडुनिंबाखाली बसून रुमालाच्या कोपऱ्यावर फुलं काढायची आणि मी घरात आले की म्हणायची, "सीमे, चांदूरले पाणी गोड आहे म्हणते. खरं असन का व?" तिला पाण्याबद्दल विचारायचं नव्हतं, हे मलाही कळायचं. मुलगा तिला आवडला होता.

आमच्या इंग्रजीच्या शाहीन मॅडम जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं राहायच्या. वर्गात त्या इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात वापरायच्या, आणि रागावल्या की उर्दू. भाषण कसं लिहायचं हे त्यांनी आम्हाला एका तासात शिकवलं. बोलणारा कोण आहे, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे एक. ऐकणाऱ्याच्या काळजाला हात कुठं घालायचा, हे दुसरं. आणि पुरावा, हे तिसरं. फळ्यावर तिन्हींची ग्रीक नावं लिहून त्या म्हणाल्या, "आणि पुरावा कुठून आणला ते खाली लिहायचं. नाव, गाव, कधी, कसं. नहीं तो वो पुरावा नहीं, गप्पा है." बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "हे तं तुही मायच शिकवून राहिली." मला ते पटलं नाही. मॅडमचं ते इंग्रजी होतं आणि आईचं वऱ्हाडी. दोन्ही एकच असतं तर फी कशाला भरली असती?

अमरावतीला एक आंतरमहाविद्यालयीन इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय शेतकऱ्याचं म्हणणं कोणी ऐकतं का, असा काहीसा. ती वर्षं आमच्या भागात कशी होती हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. सकाळी पेपर उघडायच्या आधी बाबा तो क्षणभर घडीतच धरून ठेवायचे. एखादा माणूस पारावर नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प बसला, तर येणारे-जाणारे वळून पाहायचे. अशा हवेत मी भाषण लिहिलं. पहिला खर्डा म्हणजे "कापूस पांढरा असतो" याच्या पुढं न गेलेली माहिती होती. मॅडमनी त्यात पाच ठिकाणी लाल शाईनं लिहिलं, हे कोण म्हणतं? पाचही ठिकाणी खरं उत्तर 'मीच' हे होतं. ते लिहायची लाज वाटली. वाचनालयात जाऊन शोधायचं तर ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि सहापर्यंत मला सायकल मिळायची नाही.

तेव्हा मला मामा सुचला.

मामाच्या बागेतली संत्री विचारून कोण तोडतं? भाचीनं हात वर करायचा आणि तोडायचं. मी मामाचं दुःखही तसंच न विचारता तोडलं, आणि तेही झाडावर नसलेलं. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा मामानं डिंक्या रोगानं गेलेली अकरा झाडं काढून टाकली होती. खोडातून डिंक पाझरतो आणि झाड वाळतं, तो हा रोग. मामानं ती झाडं काढताना रोगाच्या आईमाईचा उद्धार केला होता आणि संध्याकाळी त्याच लाकडांवर पानगे भाजून आम्हाला पोटभर खाऊ घातले होते. माझ्या भाषणात त्याच मामानं अख्खी बाग स्वतःच्या हातानं तोडली. शेवटच्या झाडाला मिठी मारून तो रडला. आणि आता तो रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर एकटाच जाऊन बसतो, पाण्याकडं पाहत, असंही मी लिहिलं. खाली सोर्स दिला. माझे मामा, मुक्काम वरूड तालुका, दिवाळीच्या सुटीत प्रत्यक्ष मुलाखत. मॅडमनी तो कागद हातात धरून विचारलं, "खुद पूछा तूने उनसे?" मी म्हणाले, "येस मॅडम."

भीती वाटली नाही का, असं माझी मुलगी आता विचारते. अजिबात नाही, आणि त्यामागं एक भक्कम कारण होतं. इंग्रजीत बोललेलं खोटं घरापर्यंत पोचत नाही, असा माझा ठाम समज होता. इंग्रजी ही स्टेजवर बोलायची गोष्ट. आमच्या सगळ्या नात्यात ती कोणाला येत नव्हती. बाबांना औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचता यायची तेवढीच. मामाबद्दल मराठीत असं एक अक्षर बोलायची माझी छाती नव्हती, पण इंग्रजीतला मामा माझ्या दृष्टीनं वेगळाच कोणीतरी होता, कोट घालणारा, परदेशातला.

वर्गात तालीम झाली तेव्हा मुलींनी रुमाल काढले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र मधेच उठून पाणी प्यायला बाहेर गेली आणि तास संपेपर्यंत आली नाही. तिच्या घरी खरंच तसं घडलं होतं, मागच्या वर्षी. सगळ्या वर्गाला ते माहीत होतं, मलाही. तिच्यासमोर मी विहिरीचा काठ उभा केला आणि टाळ्या मोजत बसले. पुढं दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. मी तिच्याशी त्याबद्दल कधी बोलले नाही. आता ती कुठं आहे, मला ठाऊक नाही. हे प्रकरण मी विनोदानं सांगायला बसते तेव्हा दर वेळी इथं अडखळते, आणि अडखळायलाच हवं.

अमरावतीला मला पहिला नंबर मिळाला. लाकडी ढाल मिळाली. येताना बसमध्ये ती ढाल मांडीवर ठेवून मी कंडक्टरकडं अशी पाहत होते की त्यानं दोनदा तिकीट विचारलं. हा सगळा आनंद पावणेदोन दिवस टिकला. सोमवारी सकाळी शेजारच्या काकूंकडं दूध आणायला गेले तर त्यांच्या ओट्यावर पेपर पसरलेला. जिल्ह्याच्या पानावर, मराठीत, जाड अक्षरांत: 'मामाने तोडली संत्र्याची बाग, भाचीच्या भाषणाने श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी.' खाली माझं नाव, माझं कॉलेज, मामाचा तालुका आणि विहिरीचा काठ. माझं इंग्रजी भाषण कोणीतरी इतक्या सुरेख मराठीत आणलं होतं की वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. मग लक्षात आलं की काटा कशानं आला.

आमच्या घरी आलेला पेपर मी ज्वारीच्या डब्याच्या तळाशी घातला, वर ज्वारी ओतली आणि हात झटकले. पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. फाटक वाजलं की मी मागं न्हाणीत पळायचे. शेजारच्या काकूंकडं फोन होता आणि आमचे फोन तिथंच यायचे. त्या खिडकीतून "ओ बाई!" म्हणाल्या की माझ्या हातातलं भांडं पडायचं. आई म्हणाली, "हिले अशक्तपणा आला," आणि मला रोज खजूर द्यायला लागली. ताई शेजारी बसून आपल्या रुमालावर फुलं काढत होती. त्या फुलांकडं पाहताना मला पहिल्यांदा एक विचार सुचला, आणि तो सुचल्यावर खजूरही उतरेना: चांदूर रेल्वेलाही पेपर जातो.

चौथ्या दिवशी सकाळी भाऊमामा आला. नेहमी तो आला की फाटकापासूनच हाका सुरू व्हायच्या. त्या दिवशी फाटक उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. तो आत आला, टोपी काढली, पाणी प्याला आणि खिशातून पेपरची घडी काढून माझ्यासमोर ठेवली.

"सीमे, मी कदी बाग तोडली व?"

आईनं घडी उचलली. वाचताना तिचा चेहरा आधी पांढरा पडला. भाऊ समोर बसलेला असूनही छापलेलं वाचून ती घाबरली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "हे तू पाह्यलं का आयकलं?"

"पाहिलं नाही."

"मंग आयकलं?"

"ऐकलंही नाही."

आई खाली बसली. इतक्या वर्षांच्या चौकशीत तिला तिसरा प्रकार कधी भेटला नव्हता.

मामा बोलायला लागला तेव्हा सुरुवातीला हसूनच. "सोमवारपासून लोकं येऊन राहिले. येते, माह्या पाठीवरून हात फिरवते अन् चहा न पेता जाते. शेजारच्यानं फवाऱ्याचं औषध उचलून नेलं, म्हणे राहू द्या आमच्याकडं. विहिरीचा दोर कोणी नेला त्याचा तं पत्ताच नाई, दोन दिवस झाले बादलीले पागोट्याचं कापड बांधून पाणी काढून राहिलो. अन् तुही मामी मले न्हाणीत बी एकटं जाऊ देत नाई. भायेर उभी राह्यते, अन् घडीघडी इचारते, 'आयकून राहिले न वो?'" बाबांना हसू आवरेना. मामाही हसला. मग तो थांबला आणि पायाच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाला, "पह्यल्या दिवशी मले बी हासूच आलं. तिसऱ्या दिवशी वाटाले लागलं, एवढे लोकं म्हणते तं काई असन माह्यात. काल सांजच्याले मी खरंच विहिरीवर जाऊन बसलो व, सीमे. कावून, ते माह्यं मलेच समजलं नाई."

त्यानंतर मी कितीतरी भाषणं ऐकली, पटवणारी, रडवणारी, मतं मागणारी. पटवून देणं म्हणजे काय, हे त्या एका वाक्याइतकं मला कोणी शिकवलं नाही.

मामा आता सत्तरीच्या पुढं आहे आणि बाग अजून उभी आहे. ही गोष्ट तो आल्यागेल्याला स्वतःच सांगतो. त्याच्या सांगण्यात आता दोरासोबत बादलीही चोरीला जाते आणि तहसीलदार घरी येतो. मी दुरुस्ती करत नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

मामा आला त्याच दुपारी काकूंच्या खिडकीतून हाक आली. सोयरीक जुळवणाऱ्या मास्तरांचा फोन होता. आई जाऊन आली आणि दारातच उभी राहिली. चांदूरवाले म्हणत होते, सध्या थांबू. साक्षगंधाची घाई नको. घरात तशी हवा असताना शुभकार्य कसं करावं, असं त्यांच्या आबाजींचं म्हणणं पडलं होतं. ताईनं सुई रुमालात खोचली, रुमालाची घडी केली आणि ती आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. एकाच खोलीत अंथरूण, एकाच ताटलीत लोणचं, आणि शब्द नाही. मला काही हवं असलं तर ती आईला म्हणायची, "आत्याबाई, तिले सांगा, कंगवा तिथं आहे."

मामा स्वतः चांदूरला जायला निघाला होता. आईनं अडवलं. "तू कोण? पोरीचा बाप. पोरीचा बाप म्हणनच का बाग उभी आहे. तुह्या सांगण्याले तिथं किंमत नाई." त्या लोकांनी येऊन पाहावं, असा निरोप मास्तरांकडून गेला. उत्तर आलं नाही. बोलणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हा मॅडमनी फळ्यावर लिहिलेला पहिला मुद्दा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि विश्वास ठेवावा असं आमच्या घरात कोणी उरलं नव्हतं.

मी ढाल पिशवीत घालून जुन्या शहरात मॅडमच्या घरी गेले. पूल ओलांडून अत्तरवाल्याच्या गल्लीतून आत. दार उघडताच मॅडम म्हणाल्या, "आओ बेटा. मामू कैसे है अब? अम्मी रोज उनके लिए दुआ मांग रही है." आत पलंगावर त्यांच्या म्हाताऱ्या अम्मी तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "खाना खा रहे ना मामू?" तिथं मी रडले. माझं ते रडणं त्या दोघींनी भलतंच समजून घेतलं. अम्मी मला थोपटायला लागल्या, त्यामुळं खरं सांगायला आणखी पाच मिनिटं गेली.

सांगून झाल्यावर मॅडमनी ढाल टेबलावर पालथी ठेवली. रागावल्या नाहीत. उर्दूत आल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. "ही मी परत पाठवते. पत्र तू लिहायचंस, सही तुझी." मी सॉरी म्हणाले. "मेरी माफी का क्या करेगी? तेरा झूठ जहां जाके बैठा है, वहां जा." मग त्या म्हणाल्या, "और वहां भाषण मत देना, सीमा. तुझं भाषण फार चांगलं होतं." निघताना अम्मी आतून विचारत होत्या, मामू को क्या हुआ, आणि मॅडम त्यांच्याशेजारी जाऊन बसत होत्या.

ताईनं बोलणं सोडल्याच्या नवव्या दिवशी मी आणि बाबा पॅसेंजरनं चांदूर रेल्वेला निघालो. बाबांनी रजा टाकली होती. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या झाल्या होत्या. मी वहीच्या पानावर मुद्दे काढून आणले होते, एकाखाली एक, शेवटी डोळ्यांत पाणी आणायची जागासुद्धा ठरवलेली. बाबांनी पान पाहिलं. "रडशीन का तिथं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"रडू नोको बाप्पा. तुह्या रडण्याचं आता लोकाईले भेव वाटते."

मी पान फाडून खिडकीबाहेर टाकलं आणि लगेच पश्चात्ताप झाला, कारण त्यातलं काहीच पाठ नव्हतं.

घर रेल्वेलाइनच्या जवळच होतं. ओसरीवर बाजेवर आबाजी बसले होते, मुलाचे आजोबा. तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी बाबांना बसवलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाले, "तूच का ते बोलणारी पोट्टी?" मग उशीखालून पेपरचं कात्रण काढून माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. बाग, मिठी, विहीर. दारामागं बांगड्या वाजत होत्या, म्हणजे बायका ऐकत होत्या. आयुष्यात इतकं वाईट वाचन मी कधी केलं नाही.

"यातलं खरं कोणतं?"

"मामाचा तालुका खरा आहे आणि माझं नाव खरं आहे. अकरा झाडं काढली, ते खरं. डिंक्या होता. बाकी मी मनानं लिहिलं."

"कायले?"

"नंबर यावा म्हणून."

आबाजींनी दोन शेंगा सोलल्या. "तिथं खोटं बोलली, हजार लोकं रडले. आता खरं बोलून राहिली, हे मी कशावरून मानू? बोलणारी तं तूच न."

ज्या प्रश्नाला मी गाडीत सर्वांत जास्त भ्याले होते तो हाच. "माझं मानू नका," मी म्हणाले. "वरूडच्या फळबाजारात रफिकभाई म्हणून व्यापारी आहेत. मामाच्या बागेचा बहार दर वर्षी तेच झाडावर असतानाच विकत घेतात. घ्यायच्या आधी प्रत्येक झाडापाशी जाऊन ते मोजतात, खोडावर चुन्याची खूण करतात. यंदाही केली. ते आमच्या नात्यातले नाहीत, मध्यस्थ नाहीत. बाग वाईट असली तर वाईट म्हणायला त्यांना कोणाची भीड नाही. त्यांना विचारा."

आबाजींनी मान हलवली. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला खरं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं एकदा सुरू झाल्यावर कुठं थांबायचं ते कळेना. "आणखी एक आहे," मी म्हणाले. "मामानं यंदा दोन बोअर मारले. दोन्ही कोरडे गेले. हे पेपरात नाही. दिवाळीत मी तिथंच उभी होते, नुसता धुराळा निघत होता." बाबांचा पाय माझ्या पायावर पडला. मुलीकडचं हे तर आईनं मास्तरांनासुद्धा कळू दिलं नव्हतं. बागेत पाणी नाही म्हणजे पुढं बाग नाही, हे तिथल्या लहान मुलालाही समजत होतं. दारामागच्या बांगड्या थांबल्या. तेवढ्यात मालगाडी आली. ती इतकी लांब होती की तिचे डबे मोजता मोजता मी ताईचं सगळं लग्न मोडून पाहिलं.

गाडी गेली. "दोन?" आबाजींनी विचारलं.

"दोन."

"आमचे तीन गेले."

बाबांनी मान वर केली. आबाजी बाबांकडं वळले. "तुमच्या मंडळीनं आमची चौकशी केली, पाच जणाईजवळून. कोणी सांगतलं का तीनचं?"

"नाई बा," बाबा म्हणाले.

"सांगन कसं? आमी कोणाले सांगतलंच नाई. सोयरीक होऊ द्याव, मंग पाहू, असं ठरलं होतं." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "रफिकभाईले मी विचारणारच हो. पण ते मंग." आणि दाराकडं तोंड करून म्हणाले, "सूनबाई, पानं घ्या."

आतून मुलाच्या आईचा आवाज आला, "केव्हाचीच घेतली, मामंजी."

भाकर, पातोडीची भाजी, कढी, मिरचीचा ठेचा. मुलाच्या आईनं स्वतः वाढलं. मी पानावर हात आडवा धरत होते आणि त्या नाही म्हणू देत नव्हत्या. रजेच्या दिवशी बाबा जेवतात तसे बाबा जेवले.

अकोल्याला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई फाटकाशी उभी होती. बाबा आत आईकडं गेले आणि आतून आईचे प्रश्न सुरू झाले. ताई तिथंच थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, फाटकाच्या कडीशी चाळा करत विचारलं, "जेवू घातलं?"

नऊ दिवसांनी. मी सगळं सांगितलं, भाकरीपासून कढीपर्यंत. कोणी वाढलं, कितीदा वाढलं. ती प्रत्येक पदार्थाला नुसतं "हं" म्हणत होती. मग कडी वाजवायची थांबली. "अन् ते? ते होते का?"

मुलगा शेतावर गेला होता. मी त्याला पाहिलंच नव्हतं. पण ताईच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्या जिभेवर एक वाक्य आयतं येऊन बसलं. आम्ही निघालो तेव्हा ते दाराआड उभे होते, आणि तुझं नाव घेऊन त्यांनी हळूच विचारलं, की... इतकं सुरेख वाक्य मला स्पर्धेतसुद्धा सुचलं नव्हतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. ताई त्यावर साक्षगंधापर्यंतचे सगळे दिवस जगली असती.

"दिसले नाही," मी म्हणाले.

ताईचा चेहरा थोडा उतरला. "बरं," ती म्हणाली. मग फाटक लावून घेतलं आणि आत जाता जाता म्हणाली, "हातपाय धू. चहा ठेवतो."